सेप्सिसच्या रक्तचाचण्या : कोणत्या आकड्यावर किती विसंबावे

गंभीर जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेला, म्हणजेच सेप्सिस झालेला रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल झाला, की पहिल्या तासाभरातच त्याच्या रक्ताच्या अनेक नळ्या भरून प्रयोगशाळेकडे जातात. त्यांच्यासोबतच्या मागणीपत्रावर अलीकडे ‘सेप्सिस पॅनेल’ असा स्वतंत्र रकाना दिसू लागला आहे. त्यावर एक खूण केली, की लॅक्टेट, प्रोकॅल्सिटोनिन, सीआरपी, इंटरल्यूकिन-६ आणि काही ठिकाणी प्रेसेप्सिन अशा चाचण्या एकगठ्ठा होऊन येतात. या चाचण्या मी अनेक वर्षे रुग्णाच्या खाटेशेजारी उभी राहून वापरत आले आहे, आणि ‘हा रुग्ण वाचेल का’ या प्रश्नाचे उत्तर देण्यात त्या कितपत उपयोगी पडतात, एवढ्याच अंगाने हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. या गठ्ठ्यातल्या दोनच चाचण्या खऱ्या अर्थाने मागवण्याजोग्या आहेत, आणि त्याही ठरावीक अंतराने पुन्हा केल्या तरच. बाकीच्या चाचण्यांनी आजवर माझा एकही निर्णय बदलल्याचे मला आठवत नाही.

सेप्सिसची व्याख्या २०१६ साली नव्याने ठरवण्यात आली आणि ‘सिव्हिअर सेप्सिस’ ही वेगळी पायरी त्या वेळी काढून टाकण्यात आली, कारण अवयवांना इजा झाल्याशिवाय सेप्सिस म्हणायचेच नाही असे ठरले. श्वसन, रक्त गोठणे, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड या सहा संस्थांतील बिघाडाला मिळून जे ‘सोफा’ गुण दिले जातात, ते संसर्गामुळे दोन किंवा अधिक वाढले, तर तो सेप्सिस. अशा रुग्णांत रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण सुमारे १० टक्के असते. पुरेसे सलाईन देऊनही रक्तदाब टिकवण्यासाठी औषध चालू ठेवावे लागते आणि लॅक्टेट २ मिलिमोल प्रति लिटरच्या वर राहते, अशा सेप्टिक शॉकमध्ये तेच प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे जाते. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे. इतक्या मोठ्या आजारात कोण बरा होणार आणि कोण हातचा जाणार हे आधी कळावे, अशी इच्छा डॉक्टरांना, नातेवाइकांना आणि चाचण्या विकणाऱ्यांनाही असणे स्वाभाविक आहे.

इथे एक गोंधळ सुरुवातीलाच दूर करायला हवा. रुग्णाला जंतुसंसर्ग आहे का, हा एक प्रश्न आणि त्या संसर्गातून तो तरेल का, हा दुसरा. पहिल्याचे बरे उत्तर देणारी चाचणी दुसऱ्याचे उत्तर देईलच असे नाही, तरीही माहितीपत्रकांत ही दोन्ही उत्तरे एकाच वाक्यात गुंफलेली आढळतात. मी इथे दुसऱ्या प्रश्नाबद्दलच बोलत आहे.

पहिली चाचणी लॅक्टेट, आणि माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत मोलाची. ती रक्तातले वायू मोजणाऱ्या ‘ब्लड गॅस’ यंत्रावर काही मिनिटांत होते, थोडे रक्त पुरते आणि दोन तासांनी पुन्हा करता येते. पेशींना प्राणवायू पुरेसा न मिळाल्यामुळे लॅक्टेट वाढते, असे आपण शिकतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. शरीरात ताणाच्या वेळी ॲड्रेनॅलिनचा जो लोट येतो, त्यामुळे प्राणवायू भरपूर असतानाही स्नायू लॅक्टेट तयार करत राहतात, आणि ते प्रामुख्याने साफ करणारे यकृत मंदावलेले असेल तर ते साचत जाते. म्हणून वाढलेला आकडा एकाच बिघाडाकडे बोट दाखवत नाही. शरीरावर किती मोठा ताण आहे आणि ते तो किती पेलू शकते, या दोन्हींची बेरीज त्यात असते. भविष्याचा अंदाज घेण्यात तो उपयोगी पडतो तो याच कारणामुळे, असे मला वाटते. रक्तदाब बरा दिसत असतानाही लॅक्टेट ४ च्या वर असलेला रुग्ण धोक्यात असतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे आणि प्रत्यक्षातही रोज दिसते.

मात्र पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा. ५.५ वरून दोन तासांत ३.८ वर आलेला रुग्ण आणि ३.२ वरून ४.१ वर गेलेला रुग्ण शेजारी असतील, तर माझी चिंता दुसऱ्याबद्दल अधिक असते, जरी पहिल्या अहवालाच्या वेळी चित्र उलटे दिसले असले तरी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ३०० रुग्णांच्या एका अमेरिकी क्लिनिकल चाचणीत उपचारांना दिशा देण्यासाठी लॅक्टेटमध्ये किमान १० टक्के घट होणे हे उद्दिष्ट ठेवले गेले. मोठ्या शिरेतील रक्ताची प्राणवायू संपृक्तता सतत मोजण्याच्या किचकट पद्धतीपेक्षा ते कमी पडले नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही लॅक्टेट वाढलेले असेल तर ते पुन्हा मोजावे असे सांगितले आहे.

दोष सांगायचे, तर ते चाचणीत कमी आणि नमुना घेण्याच्या पद्धतीत जास्त आहेत. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून धरला किंवा रुग्णाला मूठ वळायला लावली, की आकडा खोटा वाढू शकतो. साध्या नळीत रक्त भरून ती टेबलावर पडून राहिली, तर नळीतल्या लाल पेशी लॅक्टेट तयार करतच राहतात. त्यासाठी फ्लोराइडची नळी हवी, किंवा नमुना बर्फात ठेवून लगेच यंत्रापर्यंत न्यायला हवा. ज्या नळीतून रिंगर लॅक्टेट हे लॅक्टेट असलेले सलाईन चालू आहे त्याच नळीतून रक्त ओढले, तर येणारा आकडा रुग्णाचा नसतो, बाटलीचा असतो. याखेरीज दम्याची सॅल्ब्युटामॉलसारखी औषधे, ॲड्रेनॅलिनचे ठिबक, नुकताच येऊन गेलेला फिटचा झटका, थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) कमतरता, मूत्रपिंड बिघडलेल्या मधुमेही रुग्णाच्या शरीरात साचलेले मेटफॉर्मिन, यांपैकी काहीही लॅक्टेट वाढवू शकते. या गोष्टी विचारात न घेता केवळ आकडा खाली आणण्यासाठी सलाईनवर सलाईन चढवले, तर फुप्फुसांत पाणी भरते, आणि असे झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

या संदर्भात एका अभ्यासाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. लॅटिन अमेरिकेतील पाच देशांत ४२४ सेप्टिक शॉकच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँड्रोमेडा-शॉक’ या चाचणीत एका गटाचे उपचार लॅक्टेट पाहून चालवले गेले. दुसऱ्या गटात बोटाचे टोक दहा सेकंद दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिले जात होते. तीन सेकंदांपर्यंतचा वेळ ठीक मानला गेला. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के, तर बोट दाबण्याच्या गटात ३४.९ टक्के राहिले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही, पण ज्या तपासणीला ना नळी लागते ना यंत्र, ती महागड्या आकड्याच्या मागे पडली नाही, एवढे त्यातून निश्चित दिसले. लॅक्टेट मागवताना रुग्णाचे बोट दाबून पाहण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे आणि कनिष्ठ डॉक्टरांनाही तसा आग्रह करते.

दुसरी चाचणी प्रोकॅल्सिटोनिन. एरवी थायरॉइड ग्रंथीत कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे पूर्वरूप म्हणून तयार होणारे हे ११६ अमिनो आम्लांचे प्रथिन गंभीर जिवाणूसंसर्गात शरीरातल्या जवळजवळ सर्व ऊतींतून रक्तात येऊ लागते, हे १९९३ च्या सुमारास लक्षात आले. संसर्गानंतर काही तासांतच ते चढते, साधारण दिवसभरात शिखर गाठते, आणि उत्पादन थांबले की दर २४ तासांनी जवळपास निम्मे होत जाते. या चाचणीचे सारे मोल या शेवटच्या गुणात आहे. समजा पहिल्या दिवशी आकडा ४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. संसर्गाचे मूळ खरोखर बंद झाले असेल, तर दुसऱ्या दिवशी तो २० च्या, तिसऱ्या दिवशी १० च्या आणि चौथ्या दिवशी ५ च्या आसपास यायला हवा. तो तसा आला नाही, तर कुठेतरी पू साचलेला आहे, औषध लागू पडलेले नाही किंवा नवा संसर्ग सुरू झाला आहे, अशी शंका घ्यायलाच हवी.

अमेरिकेतील ८५८ रुग्णांच्या ‘मोझेस’ या अभ्यासाने नेमके हेच मोजले. चौथ्या दिवसापर्यंत प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांहून अधिक उतरले त्या रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यू सुमारे १० टक्के, आणि तितके उतरले नाही त्यांच्यात सुमारे २० टक्के. धोका दुप्पट झाला ही गोष्ट मोठीच आहे. पण याच आकड्यांची दुसरी बाजू मी नेहमी लक्षात ठेवते. ज्यांचे प्रोकॅल्सिटोनिन हवे तसे उतरले नाही, अशा पाचांपैकी चार रुग्णही २८ दिवसांनंतर जिवंत होते. ‘आकडा उतरत नाही, आता आशा नाही’ असे नातेवाइकांना सांगण्याचा आधार ही चाचणी देत नाही. पुन्हा शोधायला लागा, एवढेच ती सांगते.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या एका रुग्णाची आठवण इथे सांगावीशी वाटते. तीन दिवस आकडा अगदी नियमाने उतरत होता. चौथ्या दिवशी तो तिथेच अडकला. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता, आणि रुग्ण आमच्याशी बोलत होता. तरीही सीटी स्कॅन केला आणि आतड्याच्या जोडाजवळ पाण्याचा साठा सापडला. तो वेळीच काढता आला. त्या दिवशी प्रोकॅल्सिटोनिनचा एकच आकडा माझ्यासमोर असता, तर मी तो ‘बराच कमी झाला आहे’ असे म्हणून सोडून दिला असता.

हीच चाचणी कशासाठी वापरू नये, हेही अभ्यासांनी स्पष्ट केले आहे. डेन्मार्कमध्ये १,२०० अत्यवस्थ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पास’ चाचणीत आकडा उतरत नसेल तर प्रतिजैविके वाढवायची आणि तपासण्या करायच्या, असा नियम ठेवला होता. त्याने जीव वाचण्याचे प्रमाण वाढले नाही. उलट रुग्ण अतिदक्षता विभागात अधिक दिवस राहिले. म्हणजे अडकलेल्या आकड्याने डॉक्टरला रुग्णाकडे परत पाठवावे, औषधांच्या कपाटाकडे नाही. उलट दिशेचे उत्तर मात्र चांगले मिळाले. नेदरलँड्समधील सुमारे १,५०० रुग्णांच्या चाचणीत आकडा ८० टक्के उतरला किंवा ०.५ वर आला, की प्रतिजैविक थांबवण्याचा सल्ला दिला जाई. त्या गटात औषधांचा मध्यक कालावधी ७ ऐवजी ५ दिवसांचा झाला आणि २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांऐवजी सुमारे २० टक्के राहिले. ब्रिटनमधील २,७६० रुग्णांच्या अलीकडच्या ‘अडॅप्ट-सेप्सिस’ चाचणीतही प्रोकॅल्सिटोनिनमुळे प्रतिजैविकांचा कालावधी जवळपास एका दिवसाने घटला आणि मृत्यू वाढले नाहीत. त्याच चाचणीत सीआरपीच्या आधाराने हा लाभ झाला नाही. प्रतिजैविक सुरू करायचे की नाही हे मात्र प्रोकॅल्सिटोनिनवर ठरवू नये, असे मार्गदर्शक सूचनाही सांगतात, आणि त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मोठी जखम, भाजणे, मोठी शस्त्रक्रिया किंवा हृदय बंद पडून पुन्हा सुरू होणे, यांतही ते संसर्गाशिवाय वाढते, आणि मूत्रपिंड बिघडलेले असेल तर सावकाश उतरते.

सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, हे १९३० पासून माहीत असलेले जुने प्रथिन आहे. इंटरल्यूकिन-६ या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर यकृत ते तयार करते, चढायला अर्धा दिवस आणि शिखर गाठायला दोन दिवस घेते. म्हणून पहिल्या रात्री ते रुग्णाच्या भवितव्याविषयी फारसे काही बोलत नाही. इंटरल्यूकिन-६ याच्या उलट फार लवकर चढते आणि फार लवकर उतरते, त्यामुळे रक्त कोणत्या क्षणी काढले यावरच आकडा अवलंबून राहतो. प्रेसेप्सिन हा सीडी-१४ या पेशीवरच्या रेणूचा सुटलेला तुकडा आहे. दगावलेल्या रुग्णांत पहिल्या दिवशी तो जास्त आढळला, हे खरे, पण मूत्रपिंड मंदावले की तो आपोआप वाढतो, आणि मूत्रपिंड मंदावले आहे हे तर क्रिएटिनिनने आधीच सांगितलेले असते. या तिन्ही चाचण्या पॅनेलमधून वगळल्या तर रुग्णाचे काही बिघडणार नाही, आणि त्याचे थोडे रक्त तरी वाचेल.

सेप्सिसचे निदर्शक म्हणून अभ्यासल्या गेलेल्या रेणूंची २०१० सालच्या एका आढाव्यात संख्या होती १७८; दहा वर्षांनी त्याच लेखकांनी पुन्हा मोजले तेव्हा ती २५८ झाली होती. एवढे रेणू असूनही खाटेशेजारी दोनच का उरतात, याचे कारण मोजण्याच्या रीतीत आहे. वाचलेला एक रुग्ण आणि दगावलेला एक रुग्ण घेतला, तर दगावलेल्याचा आकडा जास्त असण्याची शक्यता किती, हे बहुतेक अभ्यास सांगतात. ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे बिनचूक. बरेच निदर्शक ०.७ ते ०.८ च्या दरम्यान अडकतात. शोधनिबंधासाठी हे पुरेसे आहे, समोरच्या एका माणसाबद्दल निर्णय घेण्यासाठी नाही. शिवाय मृत्यूशी संबंध असणे आणि तो टाळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्त गोठण्याला आवर घालणारे प्रोटीन-सी कमी असलेले रुग्ण अधिक दगावतात, हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्याचे सक्रिय रूप औषध म्हणून बनवले गेले, २००१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि नव्या चाचणीत त्याने जीव वाचत नाहीत हे दिसल्यावर २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले.

नव्या पिढीच्या चाचण्यांकडे मी आशेने पाहते. पांढऱ्या पेशींतील जनुके कशी व्यक्त होत आहेत, यावरून गुणांक देणारी ‘सेप्टिसाइट रॅपिड’, पांढऱ्या पेशी दाबाखाली किती विरूप होतात हे पाहणारी ‘इंटेलिसेप’ आणि २९ जनुकांच्या संदेशांवरून पुढच्या सात दिवसांत अतिदक्षतेच्या उपचारांची गरज पडेल का याचा अंदाज देणारी ‘ट्रायव्हेरिटी’, या तिघींना अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळालेली आहे. त्यांतील शेवटचीचा प्रश्नच भविष्याविषयीचा आहे, म्हणून ती मला विशेष वाटते. पण त्या वापरल्याने रुग्ण अधिक वाचतात हे दाखवणारा मोठा यादृच्छिक अभ्यास हाती येईपर्यंत त्यांना नेहमीच्या पॅनेलमध्ये जागा देण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. लहान मुलांसाठी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे हेक्टर वाँग यांच्या गटाने तयार केलेले ‘पर्सिव्हिअर’ हे मापन मला अधिक विचारपूर्वक केलेले वाटते. दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांतील रक्तातली पाच प्रथिने आणि मुलाचे वय यांच्या आधाराने ते मुलांची जोखमीच्या गटांत विभागणी करते, आणि कमी जोखमीची मुले वेगळी काढण्यात त्याची ताकद आहे. उपचारांच्या चाचण्यांत कोणाला घ्यावे हे ठरवायला अशी विभागणी फार उपयोगी पडेल.

या साऱ्या गर्दीत पॅनेलमध्ये नसलेल्या, रोजच्याच अहवालातल्या तीन ओळींकडे दुर्लक्ष होते, याचे मला वाईट वाटते. रक्त गोठणे, यकृत आणि मूत्रपिंड यांची स्थिती सांगणारे प्लेटलेट, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन हे तिन्ही सोफा गुणांचेच घटक आहेत. दोन दिवसांत प्लेटलेट दोन लाखांवरून ऐंशी हजारांवर घसरलेला रुग्ण कोणत्याही नव्या रेणूची वाट न पाहता आपली स्थिती सांगत असतो. दिवसागणिक बदलणारा सोफा गुण आणि लॅक्टेटचा उतार हे दोन्ही माझ्या वहीत एकाखाली एक लिहिलेले असतात, आणि कोणत्याही पॅनेलने मला त्याहून अधिक सांगितलेले नाही.

नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, रिपोर्ट कसा आला?” त्या प्रश्नात रिपोर्टबद्दलची उत्सुकता थोडी आणि ‘आमचं माणूस वाचेल ना’ ही विचारणा जास्त असते. एका मुलाने वडिलांच्या प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा कागदावर लिहून घेतला होता आणि रोज सकाळी तो माझ्याकडून नवा आकडा घेऊन जात असे. मी त्याला सुरुवातीलाच सांगितले होते, की आजचा आकडा किती आहे हे महत्त्वाचे नाही, कालच्यापेक्षा तो किती उतरला ते पाहायचे, आणि त्यासोबत लघवी किती झाली, रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा डोस किती कमी झाला, बाबा डोळे उघडून बघतात का, तेही पाहायचे. तो कागदावर या चारही गोष्टी लिहू लागला. आकड्याला घाबरण्याऐवजी त्याला काय बघायचे ते कळले, आणि आमचे बोलणेही सोपे झाले.

सेवा म्हणून या चाचण्यांविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. मी काम केलेल्या एका ठिकाणी प्रोकॅल्सिटोनिनचे नमुने दिवसातून एकदाच एकत्र लावले जात, त्यामुळे सकाळी पाठवलेल्या रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी हाती येई. ज्या रेणूचे अर्धे आयुष्य २४ तासांचे आहे, त्याचा आकडा २४ तासांनी मिळाला, तर तो त्या दिवसाच्या निर्णयाला काय उपयोगाचा? आणि अहवाल आला तरी त्यावर आजचा एकच आकडा, त्याच्यापुढे संदर्भमर्यादा आणि आकडा मर्यादेबाहेर असल्याची ठळक खूण, एवढेच असते. मागचे तीन-चार आकडे नमुना घेतल्याच्या तारीख-वेळेसह आजच्या आकड्याशेजारी छापणे प्रयोगशाळेच्या संगणकाला अजिबात अवघड नाही. लॅक्टेटसाठी नमुना धमनीतून घेतला की शिरेतून, आणि तो यंत्रापर्यंत किती मिनिटांनी पोहोचला, हेही त्याच कागदावर हवे. सेप्सिस पॅनेल विकणाऱ्यांनी त्यात सातवी-आठवी चाचणी भरण्याआधी एवढे केले, तर रात्रपाळीच्या डॉक्टरला उतार शोधण्यासाठी जुन्या फायली चाळत बसावे लागणार नाही.